ओळख आणि अनुभूती : मेंदूची इजा व संगीतबोध

शब्द आणि स्वर यांच्या संयोगातून सिद्ध होणारे गीत ही एकसंध निर्मिती होय, असे काव्य-संगीत संबंधांच्या चर्चेत सामान्यतः गृहीत धरले जाते. मेंदूला इजा झालेल्या व्यक्तींचा अभ्यास या गृहीतकाचा फेरविचार करावयास लावतो.

मेंदूतील बिघाडामुळे संगीतक्षमता बाधित होण्याच्या अवस्थेस जर्मन वैद्य ऑगस्ट क्नोब्लाउख यांनी १८८८ मध्ये 'अम्युझिया' ही संज्ञा योजिली. हे बहिरेपण नव्हे. इझाबेल पेरेत्झ व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये वर्णिलेल्या एका महिलेच्या मेंदूचे दोन्ही बाजूंचे शंखखंड बाधित झाले होते. तिला बोललेले समजे, भोवतालचे आवाज ओळखू येत, परिचित गीतांचे शब्दही ओळखता येत. त्याच गीतांची चाल मात्र अनोळखी वाटे. याउलट सोविएत संगीतकार विस्सारिऑन शेबालिन यांची वाचा व शब्दाकलन १९५९ मधील दुसऱ्या आघाताने गंभीररीत्या बाधित झाले. तरीही १९६२ मध्ये त्यांनी आपली पाचवी सिम्फनी पूर्ण केली. भाषा आणि संगीत यांचे मेंदूतील मार्ग काही अंशी स्वतंत्र असल्याचे या दोन उदाहरणांवरून सूचित होते.

अर्थात हे स्वातंत्र्य निरपवाद नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातील हौशी संगीतज्ञास, मेंदूच्या उजव्या भागास इजा झाल्यावर, केवळ वाद्यांसाठी रचलेल्या धुना ओळखता येत नसत. गीतांच्या चाली मात्र, शब्दांविना वाजविल्या तरी, तो ओळखी. स्मृतीत शब्द स्वराला आधार देतात, असा याचा एक अर्थ संभवतो.

साहित्यमीमांसेच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचे निरीक्षण १९९८ मधील आहे. दोन धुना सारख्या की भिन्न, हेही ज्या रुग्णास सांगता येत नव्हते, तिला एखादी धून आनंदी आहे की उदास, हे मात्र अचूक कळे. ओळख लोपली तरी भावबोध टिकून राहू शकतो.

'अभिज्ञानशाकुंतला'च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंत अकारण व्याकुळ होतो. शकुंतलेची आठवण मात्र त्याला होत नाही. तेथील विस्मरण शापजन्य आहे आणि हरपते ती व्यक्तीची ओळख, संगीताची नव्हे. म्हणून ही दोन उदाहरणे समान ठरत नाहीत. तथापि भावना ही ओळखीची अनुचर असतेच असे नाही, या मुद्द्यावर नाटककार आणि मेंदूविज्ञान एकत्र येतात. आस्वादाचे विवेचन करताना 'ओळखणे' आणि 'अनुभवणे' या क्रिया वेगळ्या मानणे म्हणूनच आवश्यक ठरते.