विमानप्रवासाची मागणी : केवळ भाड्याचा प्रश्न नव्हे

परीक्षेत या विषयावर प्रश्न आला की ‘भाडे घटले, मागणी वाढली’ एवढ्यावर उत्तर आटोपले जाते. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. विमानप्रवास हे साध्य नसून साधन आहे. व्यवसाय, पर्यटन, उपचार वा आप्तांची भेट यांसाठी तो केला जातो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही अप्रत्यक्ष मागणी होय.

साहजिकच भाड्याचा परिणाम प्रवाशाच्या हेतूनुसार बदलतो. सहल पुढे ढकलता येते, म्हणून पर्यटकाची मागणी लवचिक असते. उद्याच्या बैठकीस निघालेल्या अधिकाऱ्याची मागणी अलवचिक असते. शिवाय त्याचे भाडे बहुधा कंपनी भरते. पर्यायी साधनांचाही विचार करावा लागतो. मुंबई–दिल्ली हा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास राजधानी एक्स्प्रेसने साधारण १६ तासांचा, विमानाने दोन तासांचा. येथे वेळेची बचत मोठी आहे. मुंबई–पुणे प्रवासात ती विमानतळावरील प्रतीक्षेतच संपते. हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद झाले की लेहच्या प्रवाशापुढे मात्र पर्यायच उरत नाही.

उत्पन्नाचे महत्त्व भाड्याइतकेच आहे. २००३ मध्ये एअर डेक्कनने अल्पदरी सेवा सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गाचे उत्पन्नही वाढत होते. उलट २०१९ मध्ये १४ कोटींहून अधिक असलेले देशांतर्गत प्रवासी २०२० मध्ये सुमारे ६.३ कोटींवर आले, ते भाड्यामुळे नव्हे. दोन महिन्यांची उड्डाणबंदी आणि संसर्गाची भीती ही त्याची कारणे होती.

‘उडान’ योजनेचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत सुमारे एका तासाच्या प्रवासासाठी निम्म्या आसनांचे भाडे प्रारंभी २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित केले गेले आणि कंपन्यांची तूट अनुदानाने भरून काढण्यात आली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालानुसार, पहिल्या तीन टप्प्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गांवरच सेवा सुरू झाली. त्यांपैकी ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत ५४ मार्गच टिकले. विमानतळ सज्ज नसणे हेही अपयशाचे एक कारण होते, हे खरे. परंतु आठवड्यातून मोजक्याच फेऱ्या असतील तर कामासाठी निघालेला प्रवासी स्वस्त तिकिटाकडेही वळत नाही.

दरभंगा येथे नोव्हेंबर २०२० मध्ये याच योजनेखाली सेवा सुरू झाली आणि तेथील विमानांना प्रवाशांची वाण पडली नाही. दिल्ली, मुंबई, बेंगळुरू येथे कामासाठी गेलेला उत्तर बिहारमधील मोठा वर्ग आधीपासूनच ये-जा करीत होता; त्याला विमान तेवढे हवे होते.