मोगऱ्यात राग, तगरीत तग

मोगऱ्याच्या फुलात राग लपलेला असतो, असे कुणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? पण कागदावर 'मोगरा' लिहा आणि अक्षरे सुटी करून पाहा. मो, ग, रा. 'रा' आधी घेऊन 'ग' त्याच्यामागे ठेवला की झाला 'राग'. 'ग' पुढे आणला की फणसाचा 'गरा'. आणि पहिली दोन अक्षरे तशीच राहू दिली तर 'मोग'. गोव्याकडच्या मंडळींना विचारा, कोकणीत मोग म्हणजे प्रेम! तीन अक्षरांच्या एवढ्याशा फुलात राग आणि प्रेम शेजारी शेजारी नांदत आहेत.

वादी अदाईतल्या आमच्या घरी दर शुक्रवारी दुपारी हा खेळ रंगतो. उन्हाळ्यात चारी बाजूंचे उघडे डोंगर असे तापतात की पाच वाजेपर्यंत खिडकीचा पडदा सारण्याची सोय नसते. अशा वेळी कागद, पेन्सिल आणि एक फूल एवढ्यावर आमची दुपार जाते. फूल अर्थात कागदावरचेच!

खेळ सुरू झाला तो मात्र करमणुकीसाठी नव्हे. आमची धाकटी दहा वर्षांची. मराठी बोलते अगदी घडाघडा, पण शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी वाचायचे म्हटले की "आई, तूच वाचून दाखव ना!" तिच्या वाढदिवशी कोकणातून आजीने फोनवर मोठा मजकूर लिहून पाठवला. चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत, तासभर खपून लिहिलेला. मुलीने तो न वाचताच अंगठ्याचे चित्र पाठवून दिले. संध्याकाळी आजीने विचारले, "वाचलंस ना गं?" ही म्हणाली, "हो." "मग सांग बघू, काय लिहिलं होतं?" पलीकडे आजी वाट पाहत होती आणि इकडे ही माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या दिवशी मला फार ओशाळल्यासारखे झाले. चूक तिची नव्हती, आमची होती.

बाराखडीची वही आणली, पण ती चार दिवसांत कपाटात गेली. मग फुले आली.

आमचे नियम साधे आहेत. नावात जेवढी अक्षरे तेवढीच वापरायची. विशेषनाम चालणार नाही. शब्द सांगितला की त्याचे वाक्यही करून दाखवायचे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे अक्षर फोडायचे नाही. इंग्रजीत स्वरही स्वतंत्र अक्षर म्हणून उभा असतो, तो उचलून कुठेही नेता येतो. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी अक्षराच्या अंगालाच चिकटलेली. 'मो'मधला 'ओ' काढून 'ग'ला देता येत नाही. म्हणून मराठीत हा खेळ जास्त अवघड, पण त्यामुळेच मुलाला 'म' आणि 'मो' यांतला फरक डोळ्यांनी नीट पाहावा लागतो. वही जे शिकवू शकली नाही ते इथे आपोआप झाले.

गुलमोहराने पहिल्याच दिवशी हात सैल सोडला. गुल, मोह, मोर, मोल, लहर आणि मोहर, सहज सहा शब्द! शेवंतीत 'शेती' सापडली, केवड्यात 'वडा' आणि 'डाव', बकुळीत म्हणजे 'बकुळ' शब्दात 'कुळ' आणि 'बळ'. पारिजातक मात्र सोवळ्यातला. त्याच्या पोटातून 'पाक' आणि 'जातक' निघाले आणि मागोमाग 'पातक'ही निघाले!

पण खरी कमाल केली तगरीने. आजीच्या अंगणातली, देवपूजेची, साधी पांढरी तगर. त, ग, र. काना नाही, मात्रा नाही. यांतली कोणतीही दोन अक्षरे घेऊन जोड्या मांडल्या तर सहा होतात: तग, गत, तर, रत, गर, रग. गंमत पाहा, सहाच्या सहा मराठी शब्द आहेत! 'तग'चे वाक्य मुलीला करता येईना. तेव्हा तिला ओमानच्या वाळवंटातल्या घाफ झाडाचे उदाहरण दिले. हा घाफ म्हणजे आपल्या दसऱ्याच्या कथेतली शमीच. पाऊस नसला तरी ती खोल मुळांवर तग धरते.

मग तीन अक्षरी शब्दांचा शोध सुरू झाला आणि मुलगी ओरडली, "रगत!" घरातले पंच म्हणजे आमचे हे. ते म्हणाले, "शुद्ध शब्द रक्त. रगत बाद." प्रकरण फोनवरून आजीकडे अपिलात गेले. आजीने लेकालाच सुनावले, "अरे, विळीवर बोट कापलं की रगतच येतं. रक्त येतं ते डॉक्टरकडे!" निकाल फिरला. 'रगत' कायम झाले.

ह्यांनी हा किस्सा कचेरीत सांगितला, तेव्हा एका ओमानी सहकाऱ्याने हसून सांगितले की हा खेळ तर आमच्या खलीलने कधीच खेळून ठेवला आहे. अल्-खलील इब्न अहमद अल्-फराहिदी हा इसवी सनाच्या आठव्या शतकातला भाषापंडित. परंपरेनुसार त्याचा जन्म ओमानचा, विद्या आणि कीर्ती बसऱ्याची. 'किताब अल्-ऐन' हा अरबीचा पहिला मोठा शब्दकोश त्याच्या नावावर आहे. त्याने अक्षरांचा क्रम कंठातून निघणाऱ्या वर्णांपासून लावला, आपल्या क-वर्गाची आठवण व्हावी असा. आणि शब्द कसे मांडले? धातूची अक्षरे घ्यायची आणि उलटसुलट फिरवून होतील तेवढ्या जुळण्या एकाच ठिकाणी तपासायच्या. दोन अक्षरांच्या 2, तीनांच्या 6, चारांच्या 24, पाचांच्या 120. ज्या जुळण्या लोकांच्या बोलण्यात आहेत त्यांचा अर्थ द्यायचा. ज्या नाहीत त्या 'मुहमल', म्हणजे पडीक.

त्या रात्री आम्ही तगर खलीलच्या रीतीने मांडली. तगर, तरग, गतर, गरत, रतग, रगत. चार पडीक, दोन चालू. म्हणजे आजीचा शब्द बाद केला असता तर फूल एकटेच उरले असते! खलीलची कसोटी आणि आजीची कसोटी एकच, लोक बोलतात की नाही? भाषेचे शेत असेच असते. जे बोलले नाही ते पडीक पडते. इथे परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत मी त्यात एवढीच भर घालीन, की जे वाचले नाही तेही हळूहळू पडीक पडते.

मागच्या आठवड्यात आजीचा निरोप आला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून अडखळत आवाज आला, "त-ग-री-ला फु-लं आ-ली. तु-झी आ-ठ-व-ण..." पुढे जोडाक्षर होते, तिथे गाडी थांबली. मी गेले नाही. थोड्या वेळाने गाडी आपली आपण सुटली.

येत्या शुक्रवारी तुमच्याही घरी हा डाव मांडा. सुरुवातीला सोपे फूल सुचवते, अबोली. नाव असे, की जणू तोंडातून शब्द काढणार नाही. पण पहिले अक्षर बाजूला करून पाहा, आत काय आहे ते मुलांनाच वाचू द्या.