पोहायला लागल्यावर खांदा दुखतो तेव्हा

उन्हाळ्यात तलावावर महिलांची बॅच सुरू झाली की पहिल्या आठवड्यात पाण्यात उतरायला जागा मिळत नाही. महिनाभराने मात्र त्यातल्या बऱ्याच जणी दिसेनाशा होतात. कारण विचारले तर पाण्याची भीती वाटते असे क्वचितच कोणी सांगते. "खांदा धरलाय हो," हेच उत्तर जास्त वेळा ऐकू येते.

आम्ही ज्या बॅचला जातो तिथे बहुतेक जणी तिशी-चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्या आहेत. कुणाला डॉक्टरांनी शुगरसाठी व्यायाम सांगितलेला असतो, तर कुणाचे गुडघे चार पावले धड चालू देत नाहीत. अशा बाजीचे पोहणे सुटले तर तिला झेपणारा व्यायामच हातचा जातो. खरे तर नवशिक्यांचा हा त्रास बहुतेक वेळा टाळता येतो आणि वेळीच ओळखला तर आटोक्यातही येतो.

खांदा का दुखतो?

खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचे तसे नाही. तिथे दंडाच्या हाडाचा मोठा गोळा उथळ बशीला नुसता टेकलेला असतो. म्हणूनच हात चहूकडे फिरतो, पण त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः स्नायूंवर येते. हे काम चार लहान स्नायू करतात. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. हात डोक्यावर नेताना यातल्या एका स्नायूचे दोरीसारखे टोक खांद्याच्या वरच्या हाडाखालच्या चिंचोळ्या जागेतून सरकते. हे स्नायू थकले किंवा हात वाकडा पडू लागला की तिथे ताण येतो आणि दुखणे सुरू होते.

आता हिशेब करा. नवशिक्या बाईला २५ मीटरच्या एका फेरीत २५ हात मारावे लागले, तर २० फेऱ्यांत ५०० हात होतात. म्हणजे प्रत्येक खांदा २५० वेळा फिरला. १९७४ साली केनेडी आणि हॉकिन्स या दोन डॉक्टरांनी या दुखण्याला 'स्विमर्स शोल्डर' असे नाव दिले. तेव्हा अभ्यास शर्यतीत उतरणाऱ्या जलतरणपटूंचा होता. नवशिक्याचे अंतर त्यांच्यापेक्षा फार कमी असते, पण खांद्याला सवय नसते आणि हातही नीट पडत नसतो.

बहुतेक दुरुस्ती हाताबाहेरची

सगळ्यात आधी डोके. गावाकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना डोके पाण्याबाहेर ठेवण्याची सवय असते. डोके वर उचलले की पाय खाली जातात आणि बुडू पाहणारे शरीर पुढे ओढण्याचे सारे ओझे खांद्यांवर पडते. म्हणून फ्रीस्टाइलमध्ये नजर तळाकडे ठेवावी, हवा पाण्यातच हळूहळू सोडावी आणि श्वास घेताना डोके वर न उचलता बाजूला वळवावे. एक डोळा पाण्यात राहिला म्हणजे वळण बरोबर झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे कुशीवर वळणे. फळीसारखे सपाट राहून हात मारला तर तो उचलायला खांद्याला एकट्याने झटावे लागते. छाती आणि कंबर मिळून थोडी कुशीवर वळली की हात सहज बाहेर येतो.

तिसरे, हात पाण्यात कुठे पडतो ते पाहा. तो आपल्याच खांद्याच्या रेषेत, बोटांची टोके आधी टेकतील असा जावा. डोक्यासमोरून पलीकडे गेलेला किंवा अंगठा आधी खुपसलेला हात खांद्याला आतल्या बाजूने पिळतो. श्वास नेहमी एकाच बाजूने घेत असाल तर दर तीन हातांनी बाजू बदलण्याचा सराव करा. हाताला लावायचे प्लास्टिकचे पॅडल नवशिक्याने वापरूच नयेत.

पोशाखाकडेही लक्ष हवे. पूर्ण बाह्यांचा पोशाख काखेत तंग असेल तर प्रत्येक हात कापडाशी झगडत उचलावा लागतो. सैल सुती कुर्ता पाणी पिऊन जड होतो. विकत घेताना दोन्ही हात सरळ वर करून पाहा. खांद्यावर ओढ जाणवली तर एक माप मोठे घ्या. कापड पोहण्यासाठीचे, पाणी न धरणारे असावे.

किती पोहावे?

पहिल्या महिन्यात आठवड्यातून ३ दिवस, एक दिवस आड, २० ते ३० मिनिटे पुरेत. फेऱ्या वहीत लिहून ठेवा आणि दर आठवड्याला साधारण दहावा हिस्साच वाढवा. या आठवड्यात दरवेळी २०० मीटर झाले असतील तर पुढच्या आठवड्यात २२०. घरकामही याच खांद्याच्या खात्यात जाते. कणीक मळणे, बादल्या उचलणे, मूल कडेवर घेणे, शिवणयंत्र चालवणे, सारे त्यात आले. ईदच्या आधीची साफसफाई झाली असेल त्या दिवशी हातांना विश्रांती देऊन पायांचाच सराव करावा.

उतरण्याआधी ५ मिनिटे हात हलके फिरवा आणि पहिल्या दोन फेऱ्या सावकाश पोहा. मैत्रिणीकडून हात मागे ओढून ताणून घेऊ नका. मुळात सैल असलेला सांधा त्याने आणखी दुखावतो.

आठवड्यातून तीनदा घरी तीन व्यायाम करा. भिंतीला हात टेकून भिंतीवरचे पुशअप. दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे आणून ५ सेकंद धरणे. आणि कोपर कमरेशी ठेवून रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढणे. प्रत्येकी १० ते १५ वेळा, दोनदा. दुखेल इतका जोर लावायचा नाही.

दुखलेच तर

दंडाचे स्नायू दोन्हीकडे सारखे जड वाटत असतील आणि दोन दिवसांत मोकळे होत असतील तर तो नव्या व्यायामाचा शीण. एकाच खांद्यात पुढे किंवा बाजूला कळ येत असेल, केस विंचरताना किंवा तकबीरला हात उचलताना सणक जात असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर खांदा दुखावला आहे असे समजा.

अशा वेळी हात डोक्यावरून फिरवणे काही दिवस थांबवा. तलावावर जाणे सोडायची गरज नाही. हात अंगाशी ठेवून पाठीवर पाय मारता येतात. दुखत नसेल तर पाण्यात चालता येते. फळी हात लांब करून धरली तर दुखणे वाढू शकते. घरी आल्यावर बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटे लावा. जोरात रगडून घेणे किंवा हाताला झटका देऊन 'बसवून' घेणे टाळा. गोळी घेऊन दुखणे दाबायचे आणि पुन्हा पोहायचे, हे तर मुळीच नको. मूत्रपिंडाचा, पित्ताचा, रक्तदाबाचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

शुगर असलेल्या भगिनींनी एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. दुखतो म्हणून ओढणीची झोळी करून हात आठवडेच्या आठवडे गळ्यात बांधून ठेवणे घातक आहे. मधुमेहात आणि चाळिशी-पन्नाशीत खांदा आखडण्याचा, म्हणजे फ्रोझन शोल्डरचा धोका जास्त असतो आणि तो सुटायला वर्ष-दोन वर्षेही लागतात. दुसऱ्या कोणी हळूच हात उचलला तरी तो वर जात नसेल, कोपर अंगाशी ठेवून पंजा बाहेर वळत नसेल, तर वाट पाहू नका. दुखण्याच्या मर्यादेत हात दिवसातून अनेकदा हलवत राहा. डॉक्टरांनी खांद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले तर शुगर असल्याचे आठवणीने सांगा. काही दिवस ती वाढू शकते.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. पडल्यावर हात उचलताच येत नसेल, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, खांदा सुजून ताप आला असेल तर त्याच दिवशी दाखवा. खांद्याबरोबर छातीत दडपण, जबड्यात कळ, घाम किंवा धाप असेल तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेव्हा बर्फ-मालिश सोडून थेट रुग्णालय गाठा.

कळ थांबली आणि हात पूर्ण वर जाऊ लागला की परत सुरुवात करा, पण पूर्वीच्या निम्म्या अंतराने. त्या दिवशी कोच मॅडमना काठावर उभे राहून तुमचे डोके आणि हात कसे पडतात ते पाहायला सांगा. तेवढी पाच मिनिटे त्यांच्याकडे हक्काने मागा.