होडी पाणी पिते तेव्हा

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातली गँग ‘वीकेंडला कुठे?’ म्हणून विचारते, तेव्हा कुणी गोवा म्हणतं, कुणी पाचगणी. मी म्हणतो, डांबर खरवडायला. पहिल्यांदा सगळे खो-खो हसले होते. आता उन्हाळा लागला की तेच विचारतात, ‘काय रे, होडी तरंगते का?’

होडी माझ्या मामांची. कृष्णाकाठी, भिलवडीच्या जवळ. (होय, चितळ्यांच्या दुधाचं भिलवडी. पुणेकरांना एवढं सांगितलं की पत्ता कळतो.) लांबी अठरा फूट, फळ्या सागवानी, फासळ्या बाभळीच्या आणि वय छत्तीस, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. पलीकडच्या मळ्यातून वैरण आणायला तिचा उपयोग व्हायचा. मग घरोघरी मोटरसायकली आल्या आणि होडी गोठ्यात पालथी पडली ती पडलीच. मागच्या वर्षी मामा म्हणाले, “जळणाच्या भावानं देऊन टाकतो.” मी नको म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

कोरडी पडलेली लाकडी होडी आकसते. आमच्या होडीच्या सांध्यांतून पलीकडचं केळीचं झाड दिसत होतं! गावातले सुतार आण्णा आले, हातात जाड टोच्या. फळी-फळीला टोचत गेले. जिथे टोच्या खुपसला जाईल तिथे लाकूड कुजलेलं. समुद्राच्या खारट पाण्यापेक्षा पावसाचं साचलेलं गोडं पाणी लाकडाला जास्त खातं, हे मला त्या दिवशी कळलं. मागच्या दोन फळ्या गेल्या होत्या. त्या बदलल्या आणि खिळे तांब्याचे घातले, कारण लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतालचं लाकूडही नासवतो. मग सांध्यांत तेलात भिजवलेली सुताची वळी बोथट छिन्नीने ठोकायची, वरून गरम डांबर. तीन वीकेंड. सोमवारी की-बोर्डवर बोटं उघडत नव्हती.

आणि एवढं करून होडी पाण्यात लोटली तर ती बुडाली.

म्हणजे काठोकाठ भरली. मी कपाळाला हात लावला, मामा मात्र निवांत बिडी ओढत होते. “पिऊ दे तिला पानी. सुकल्याली हाय.” दोन रात्री ती तशीच दोराला बांधून ठेवली. लाकूड फुगलं, सांधे आपोआप मिटले. तिसऱ्या दिवशी पाणी उपसलं, त्यानंतर दिवसभरात जेमतेम तांब्याभर पाणी आत आलं. इतकं समाधान मला अप्रेझलमध्येही कधी मिळालं नाही.

मग मला अपग्रेडची खाज सुटली. आण्णांना म्हटलं, वरून फायबरचा थर देऊ, कायमची कटकट मिटेल. शिवाय दाखला तयार होता. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ज्या ‘म्हादेई’ शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती रत्नाकर दांडेकरांनी गोव्यात बांधली ती लाकूड आणि फायबर मिळूनच. आण्णांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “ती नव्या, वाळल्याल्या लाकडाची. ही छत्तीस वर्सं पानी प्याल्याली. वरनं झाकलं की आतल्या आत कुजणार, आन् तुला दिसनार बी न्हाई.” विषय संपला.

राहिलं इंजिन. त्यासाठी आम्ही दोघं सातारा, कास करत बामणोलीला गेलो. कोयनेच्या धरणाने शिवसागर झाला आणि पलीकडच्या वाड्यांना लाँच हीच एसटी झाली. मेमध्ये पाणी उतरतं, उघड्या पडलेल्या उतारावर बोटी ओढून त्यांची रंगरंगोटी चालते. वासोट्याला नेणाऱ्या एका लाँचवाल्या काकांनी आम्हाला बोटीच्या पोटात उतरवलं. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे ग्रीस लावलेली दोरी ठासलेली असते. “इथनं थेंब-थेंब पाणी आलंच पाहिजे. एकदम बंद झालं तर दांडा तापतो.” आमच्या होडीचा फोटो पाहून मात्र त्यांनी मान हलवली. जुन्या होडीच्या मागच्या फळीवर इंजिन टांगलं की थरथरीने सांधे सुटतात, आधी ती बाजू आतून भक्कम करा. कास उतरताना मामा गप्प होते. साताऱ्यात चहा पिताना एकदम म्हणाले, “इंजिन ऱ्हाऊ दे. त्या पैशात जाकिटं घेऊ.”

मला माहीत होतं ते कशाबद्दल बोलतायत. ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45 ची. 8 तारखेला आमच्याच तालुक्यात, ब्रह्मनाळला, पुरातून माणसं काढणारी होडी उलटली. खच्चून भरलेली होती. बायका-मुलं गेली. त्या दिवशी मामांची होडी गोठ्यातच होती, पालथी, सांधे उघडे. पाणी चढलं तशी गोठ्यासकट बुडाली. ते यावर कधी बोलले नव्हते. होडी विकायची भाषा कुठून आली हे मला त्या चहाच्या टपरीवर कळलं.

दहा जाकिटं आली. मग आणखी एक काम केलं. इंग्लंडात प्लिमसॉल नावाच्या खासदाराने भांडून 1876 मध्ये जहाजांवर भाररेषा सक्तीची करून घेतली, हे मी मामांना सांगितलं होतं. संथ पाण्यात एकेक माणूस होडीत चढवत गेलो. काठ पाण्यावर दीड वीत उरला तेव्हा आत आठ जण होते. मामांनी तिथे पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढला.

एका रविवारी हौस म्हणून बांबू उभा करून ताडपत्रीचं शीड बांधलं. पश्चिमेचा वारा भरला आणि होडी आवाज न करता निघाली. राव, ते सुख काय सांगू! वळणावर एक मगर ऊन खात होती, तीही हलली नाही. परत येताना मात्र बोंब. सपाट बुडाची होडी वाऱ्यावर उलटी चढत नाही. शीड गुंडाळलं आणि दीड तास वल्ही मारली.

परवा औदुंबरच्या घाटावर सगळी मावसभावंडं जमली. पलीकडे भुवनेश्वरीला जायचं होतं. सगळे जाकिटं घालून चढले आणि पट्टा पाण्याला टेकला. मामांनी मोजलं. नऊ.

“तू उतर,” मला म्हणाले. “तुला पवता येतंय म्हनून न्हवं. तू वजनदार हाईस.”

मी भडंगाची पुडी फोडली आणि पायरीवर बसून राहिलो.