एक लाख किलोमीटरनंतरची तयारी

जुन्या स्प्लेंडरच्या मीटरवर किलोमीटरचे पाचच आकडे असतात. ९९,९९९ झाले की सगळे आकडे पुन्हा शून्यावर येतात. मीटर असं एकदा फिरून आलेल्या गाड्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी आहेत. हीरो होंडानं ही गाडी १९९४ मध्ये आणली. इंजिन ९७.२ सीसीचं. इतक्याशा इंजिनावर आमच्याकडे धानाचं भरलेलं पोतं जातं, खताची बॅग जाते, दुधाच्या कॅन जातात आणि संध्याकाळी त्याच गाडीवर अख्खं कुटुंब आमगावच्या बाजाराला जातं.

अशी गाडी घेऊन कोकणात समुद्रापर्यंत जायचं म्हटलं की घरचे आधी विचारतात, ‘पोचेल का?’ पोचते. एका बाजूचं अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी असल्यामुळे नागपूरनंतर अमरावती, अकोला असा जुना रस्ता धरावा लागतो. तरीही पोचते. फक्त तयारी कशाची करायची हे नीट ठरवावं लागतं, आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं चुकतं. लांब जायचं म्हटलं की पहिला विचार येतो इंजिन खोलण्याचा.

मी ज्या मिस्त्रीकडे जातो, त्याला हे अजिबात पटत नाही. ‘इंजिन बरोबर बोलून राहिलं ना भाऊ? मग त्याले कायले खोलता?’ असं म्हणत तो गाडी मेन स्टँडवर घेतो आणि आधी मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवतो. वर्षानुवर्षं पोती वाहिलेल्या गाडीचा स्विंगआर्मचा बुश झिजलेला असतो. गावात तो त्रास देत नाही. पण ट्रक शेजारून गेला की मागचा भाग डोलायला लागतो, आणि चालवणारा उगाच टायरला दोष देत बसतो. मग तो पुढचं चाक अधांतरी करून हँडल एका बोटानं हळूहळू फिरवतो. हँडल मधोमध किंचित अडकलं तर बॉल रेसर गेले. सरळ रस्त्यावर चालून चालून गोळ्या एकाच जागी खड्डा पाडतात. अडकणं इतकं बारीक असतं की डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळतं.

चेनवर त्याचा सगळ्यात जास्त वेळ जातो. चाक फिरवत तो चार-पाच ठिकाणी चेन वरखाली करून पाहतो. एके ठिकाणी ढिली आणि पाव फेऱ्यानंतर ताठ लागली, तर ती चेन कितीही आवळली तरी उपयोग नाही. कड्या कमी-जास्त ताणल्या गेलेल्या असतात. मागच्या सॉकेटवरून चेन बोटानं मागे ओढली आणि दातामागे मोकळी जागा दिसू लागली, दातांची टोकं एका बाजूला वाकलेली दिसली, की पूर्ण सेट बदलायचा. नुसती चेन नवी टाकली तर जुने दात तिला लवकरच खाऊन टाकतात. सेट बदलताना हबमधले रबरही बदलून घ्यावेत. ते दबले असतील तर गिअर टाकताना धक्का बसतो आणि तो धक्का नव्या चेनला सोसावा लागतो.

इंजिन खोलायचं नाही म्हणजे दुर्लक्ष करायचं असं मात्र नाही. या इंजिनाला कागदी ऑईल फिल्टर नाही. उजव्या कव्हरच्या आत एक वाटी फिरत असते. फिरण्याच्या जोरावर ऑईलमधला गाळ तिच्या भिंतीला चिकटत जातो. नुसतं ऑईल बदललं तर हा गाळ तसाच राहतो. कव्हर काढून वाटी उघडली की आत वाळलेल्या काजळासारखा काळा थर निघतो. तो खरवडून, रॉकेलनं धुऊन, जाळी साफ करून मगच नवं ऑईल भरायचं. टॅपेट गार इंजिनावर फीलर गेजनं लावायचे. प्लगचा रंग पाहायचा. विटकरी असेल तर मिश्रण बरोबर आहे, कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर तर आमच्या जिल्ह्यात विशेष पाहावा लागतो. राईस मिलच्या रस्त्यांवर कोंड्याची बारीक भुकटी उडत असते आणि ती फिल्टरमध्ये जाऊन बसते.

पेट्रोलच्या नळ्यांबद्दल मी हट्टानं लिहितो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचं रबर त्याचा विचार करून बनवलेलं नाही. टाकी ते कार्बोरेटर ही नळी आणि कार्बोरेटरमधले रबरी वॉशर नवे टाकायला फार पैसे लागत नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून टाकीच्या तळाशी गंज असेल तर टाकी उतरवून धुणंच बरं.

क्लच आणि अॅक्सिलेटरच्या केबल चांगल्या दिसत असल्या तरी बदलाव्यात. काढलेल्या जुन्या केबल तेल सोडून जवळ ठेवाव्यात. रस्त्यात नवी तुटली तर तीच जुनी पुढच्या गावापर्यंत नेते.

ब्रेकचं प्रकरण वेगळं आहे. आमचा बराचसा भाग सपाट, धानाच्या बांध्यांचा. इथल्या गाडीला घाट क्वचितच माहीत असतो. पुण्याहून कोकणात उतरताना ताम्हिणीत ड्रम ब्रेक सतत दाबून धरला तर लायनर तापून पकड जाते. म्हणून नवे लायनर बसवल्यावर सामान बांधून सालेकशाच्या पुढे दरेकसाच्या घाटात जावं, खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरावं. परत आल्यावर गार गाडीची ऑईलची काडी न आवळता, नुसती टेकवून पाहावी. जुनं इंजिन थोडं ऑईल पितंच. किती पितं ते इथेच कळलं की वाटेत किती अंतरावर पाहायचं ते ठरतं. टायरचं, विम्याचं, पीयूसीचं सगळ्यांना ठाऊक आहे. पण पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण झालं आहे ना, हे आरसी उघडून जरूर पाहा.

या कामांना वेळ लागतो आणि नवा पार्ट बसल्यावर गाडी जवळपास दोन-तीनशे किलोमीटर चालायला हवी. नवी चेन सुरुवातीला सैल पडते, केबल ताणतात, एखादा नट पुन्हा आवळावा लागतो. हे सगळं घराजवळ होऊन जाऊ द्या. दिवाळीनंतर निघायचं असेल तर धानाची कापणी लागण्याआधीच मिस्त्रीकडे जा, तेव्हा त्याच्या हातात वेळ असतो. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी गाडीला पाना लावू नका, कुणाला लावूही देऊ नका.