फटका चुकला तर काय? फायटिंग गेमचे खेळाडू जे आधी मोजतात, ते आपण नंतर मोजतो



‘सर, दुकानासमोरच मोठं मार्ट उघडलंय. आता लढायचं कसं?’ हा प्रश्न दर बॅचला कोणीतरी विचारतंच. आज त्याचं उत्तर आपण जरा वेगळ्या ठिकाणी शोधू. फायटिंग गेममध्ये!

हसू नका. तुमच्यापैकी अनेकांनी गल्लीतल्या गेम पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून हे गेम खेळले असतील. मिळतील ती बटणं धडाधडा दाबायची, लागलं तर लागलं. पण हेच गेम जगात स्पर्धा म्हणून खेळले जातात आणि तिथे बटणं बडवणारा पहिल्या फेरीतच घरी जातो. तिथे जिंकणारे लोक विचार कसा करतात, हे आपल्या कामाचं आहे.

लाईफची पट्टी म्हणजे तुमचं भांडवल

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ १९९१ मध्ये आला आणि समोरासमोरच्या लढाईचा साचाच त्याने पाडला. दोन खेळाडू, वर दोघांच्या लाईफच्या पट्ट्या, मध्ये ९९ पासून उलटं मोजणारं घड्याळ. पट्टी संपली की राऊंड गेला. वेळ संपली तर ज्याची लाईफ जास्त, तो जिंकला.

आता गंमत बघा. नुसता ब्लॉक करून बसलात, तरी समोरच्याच्या स्पेशल फटक्याने तुमची थोडी थोडी लाईफ जातच राहते. याला ‘चिप डॅमेज’ म्हणतात. दुकानाचं भाडं, लाईटबिल, कर्जाचा हप्ता हे आपलं चिप डॅमेज. ‘मी काहीच करत नाही, म्हणजे माझं नुकसान नाही’ असं धंद्यात नसतं, गेममध्येही नसतं.

चार स्टाइल, चार अंतरं

खेळाडूंच्या ढोबळमानाने चार स्टाइल असतात.

१. लांबून लढणारा, म्हणजे झोनर. गाईल लांबून सॉनिक बूम फेकत राहतो. आपला भारतीय योगी ढालसिम लांबलचक हातपाय ताणून तुम्हाला जवळच येऊ देत नाही. पण एकदा कोणी अंगाला भिडलं की दोघांची पंचाईत होते.

२. अंगावर जाणारा, म्हणजे रशडाऊन. समोरच्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही. ताकद मोठी, पण थांबला की संपला.

३. पकडून आपटणारा, म्हणजे ग्रॅपलर. रशियन पहिलवान झँगीफ. चालीने हळू, जवळ पोहोचेपर्यंत मार खातो. पण एकदा पकडलं की पट्टीचा मोठा तुकडा गायब!

४. राखून खेळणारा, म्हणजे टर्टल. कासवासारखा. लाईफमध्ये पुढे असेल तर ही स्टाइल उत्तम, घड्याळ त्याच्या बाजूने असतं. मागे असेल तर तेच घड्याळ त्याला मारतं.

नीट बघितलंत तर प्रत्येक स्टाइल म्हणजे एक अंतर आहे. झोनरला लांबचं अंतर हवं, ग्रॅपलरला हाताच्या टप्प्यातलं. ज्याला त्याचं अंतर मिळालं, त्याने अर्धी लढाई जिंकली.

आता मार्टचं बघा. तो झोनर आहे. पेपरात पत्रकं, पाच किलोवर एक किलो फ्री, लांबून मारा चालू. तुम्हीही लांबून रेटची मारामारी करायला गेलात तर त्याच्या अंतरावर लढताय. तुमचं अंतर जवळचं. पन्नास ग्रॅम जिरं सुटं देणं, महिन्याची यादी फोनवर घेऊन घरपोच करणं, आजोबांना कोणती चहापावडर लागते हे लक्षात ठेवणं. तुम्ही झँगीफ आहात. ढालसिम व्हायला जाऊ नका.

पण ‘माझी स्टाइल सापडली, आता मी जिंकणारच’ असंही नसतं. गेमचं मूळ गणित साधं आहे: ब्लॉक फटक्याला अडवतो, पकड ब्लॉकला फोडते आणि पकडायला येणाऱ्याला फटका आधी लागतो. एकच गोष्ट सारखी करणाऱ्याला समोरचा दोन राऊंडमध्ये वाचतो.

मोठा फटका कधी मारायचा?

आता आजचा मुख्य मुद्दा. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतात आणि प्रत्येक फटक्याचे तीन भाग असतात. फटका सुरू व्हायला लागणारा वेळ, तो लागू शकतो तो वेळ आणि पुन्हा सावरायला लागणारा वेळ. गंभीर खेळाडू प्रत्येक फटक्याचे हे आकडे पाठ करतात.

हलका ठोसा पटकन निघतो, पटकन सावरतो. चुकला तरी फारसं बिघडत नाही. उलट रियूचा शोर्युकेन, तो उडी मारून खालून वर मारलेला ठोसा, जबरदस्त! पण समोरच्याने ब्लॉक केला तर रियू हवेत लटकतो. खाली येईपर्यंत काहीच करता येत नाही आणि समोरचा आरामात त्याच्यावर आपला सगळ्यात मोठा कॉम्बो लावतो.

मग काय, शोर्युकेन मारायचाच नाही? मारायचा! पण समोरच्याने उडी मारलेली दिसल्यावर. आणि सुपर मारायचा तर चांगले खेळाडू ‘हिट कन्फर्म’ करतात. आधी दोन हलके फटके. ते लागले असं डोळ्यांना दिसलं, तरच पुढे सुपर. ब्लॉक झाले तर हात आवरता.

धंद्यात हे कसं दिसतं? दिवाळीच्या फराळाचं घ्या. पहिला मार्ग: सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑर्डर, निम्मे पैसे आगाऊ, दहा किलो चकली-चिवडा. चुकलं तर थोडं तेल-बेसन आणि चार दिवस गेले. दुसरा मार्ग: हमरस्त्यावर गाळा, डिपॉझिट, फर्निचर, दोन कामगार. चुकलं तर वर्षभर उठता येत नाही. चकली दोन्हीकडे तीच, सावरायचा वेळ वेगळा. पहिल्या वर्षीचं गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी न सांगता परत आलं, तर ते तुमचं हिट कन्फर्म. मग गाळ्याचा विचार करा.

त्या प्रसिद्ध व्हिडिओचं काय?

काही जण म्हणतील, ‘सर, डायगोने तर शेवटच्या थेंबावर सगळं पणाला लावलं होतं!’ बरोबर. २००४, कॅलिफोर्नियातली इव्हो स्पर्धा, गेम ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’. जपानच्या डायगो उमेहाराच्या केनकडे नावापुरती लाईफ. अमेरिकेच्या जस्टिन वाँगने चुन-लीचा सुपर सोडला, एकापाठोपाठ १५ फटके. ब्लॉक केला तरी चिप डॅमेजने मरणारच. मग डायगोने प्रत्येक फटका नेमक्या क्षणी परतवला, शेवटचा तर उडी मारून हवेत, आणि उलट सुपर मारून जिंकला. प्रेक्षक वेडे झाले.

पण दोन गोष्टी त्या व्हिडिओत दिसत नाहीत. एक, डायगोकडे दुसरा मार्गच उरला नव्हता. लाईफ शिल्लक असती तर असा जुगार कोण खेळेल? आणि तो जुगार जमला, कारण हात आधीच तयार होता. दोन, त्यानंतर अंतिम सामन्यात डायगो हरला. ट्रॉफी केओ या दुसऱ्या जपानी खेळाडूने नेली. व्हायरल होणं आणि जिंकणं ही दोन वेगळी खाती आहेत, मित्रांनो.

हात तयार असणं म्हणजे काय, ते लाहोरच्या अर्सलान अॅशने दाखवलं. २०१९ मध्ये ‘टेकन ७’ खेळत त्याने आधी जपानची इव्हो आणि मग लास व्हेगासची इव्हो जिंकली. तोवर जगाच्या नकाशावर पाकिस्तानी खेळाडूंना कोणी फारसं धरत नव्हतं. सराव घरच्या मैदानावर, तगड्या दोस्तांसोबत झाला होता. टाळ्या नंतर आल्या.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत तुमच्या पुढच्या तीन चाली लिहा. नवा माल, नवी स्कीम, नवी जागा, काहीही. प्रत्येकीपुढे तीन रकाने: लागली तर किती मिळेल, चुकली तर किती जाईल आणि चुकल्यावर पुन्हा उभं राहायला किती दिवस लागतील.

तिसऱ्या रकान्यात ‘माहीत नाही’ आलं, तर ती चाल अजून खेळायची नाही. आधी तिचा हलका ठोसा शोधा. सापडला नाही तर कमेंटमध्ये लिहा, आपण मिळून शोधू.