सत्तर टक्क्यांचे गणित : घरचे बियाणे किती टिकते?

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवण देशात ७० टक्के ठरलेली आहे. ज्वारीसाठी ती ७५, तर गहू आणि हरभऱ्यासाठी ८५ टक्के. सोयाबीनला ही सूट मिळते, कारण हे बियाणे मुळातच नाजूक. टरफल पातळ, त्याला अगदी लागून अंकुर आणि दाण्यात १८ ते २० टक्के तेल. मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला किंवा पोते आपटले, तरी अंकुर दुखावतो. ऑक्टोबरात काढलेले हे बियाणे जूनच्या पेरणीपर्यंत आठ महिने जगवायचे असते, आणि मधे विदर्भ-मराठवाड्याचा ४० अंशांपलीकडचा उन्हाळा येतो.

दोन नियम

बियाण्याचे आयुष्य मुख्यतः ओलावा आणि तापमान यांवर ठरते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी त्यासाठी दोन सोपे ठोकताळे दिले. बियाण्यातला ओलावा १ टक्क्याने घटला की आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले तरीही दुप्पट. पहिला नियम ५ ते १४ टक्के ओलाव्यात लागू पडतो, दुसरा ० ते ५० अंशांत.

आता हिशोब करू. ओलावा १४ टक्क्यांवरून १० वर आणला, तर आयुष्य चार वेळा दुप्पट, म्हणजे १६ पट. खोलीचे तापमान ३५ अंशांवरून २५ वर आणले, तर फक्त ४ पट. केवळ थंडाव्यावर १६ पट गाठायचे तर पारा २० अंशांनी खाली आणावा लागेल. शीतगृह प्रत्येकाच्या आवाक्यात नाही, पण बियाणे सुकवणे आहे. म्हणून आधी सुकवण, मग थंडावा. सुकवताना मात्र सोयाबीन कडक उन्हात तापू देऊ नये. पातळ थर पसरून ते हलवत राहावे.

पोते की बंद डबा?

प्रमाणित सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा साध्या पोत्यात १२ टक्के आहे, हवाबंद पिशवीत ७. कांद्यासाठी हेच आकडे ८ आणि ६. हवाबंद पिशवीतून ओल बाहेर पडत नाही. त्यामुळे १२ टक्के ओलाव्याचे बियाणे प्लॅस्टिकमध्ये कोंडले, तर ते आतल्या आत खराब होते. उलट चांगले सुकलेले बियाणे पावसाळ्यात उघडे ठेवले, तर ते हवेतली ओल पुन्हा ओढून घेते. कोकणात तर हे फार लवकर घडते. परसबागेचे बियाणे नीट सुकवून काचेच्या घट्ट बरणीत फ्रिजमध्ये ठेवावे. बरणी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर थंड बियांवर दव धरते.

थंड, कोरड्या साठवणुकीत कांद्याचे बी साधारण १ वर्ष, भेंडी आणि मिरची २, टोमॅटो आणि वांगी ४, काकडी ५ वर्षे चालते. आपल्या उकाड्यात उघड्यावर ठेवल्यास यापेक्षा कमीच धरावे. आंबा, फणस आणि जांभूळ यांना हे नियम लागू होत नाहीत. त्यांचे बी सुकवले की मरते; ते ताजेच लावावे लागते.

मोजूनच पेरा

उगवणशक्ती दरमहा सारख्या प्रमाणात घटत नाही. ती बराच काळ टिकते आणि एका टप्प्यानंतर झपाट्याने कोसळते. त्यामुळे मार्चमध्ये ७५ टक्के आली म्हणून निर्धास्त राहू नये. मे अखेरीस पुन्हा तपासणी करावी.

ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीत मांडून गुंडाळावेत, ओल टिकवावी आणि सातेक दिवसांनी सशक्त अंकुर मोजावेत. दाणे निवडून घेऊ नयेत, मूठभर उचलून सरसकट मोजावेत. एका शंभरात ७० उगवले, तरी खरा आकडा सुमारे ९ टक्क्यांनी वर किंवा खाली असू शकतो. चार शंभरांची चाचणी घेतली की हा फरक जवळपास निम्मा होतो. प्रयोगशाळाही ४०० दाणेच तपासते.

७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो बियाणे धरले, तर ६५ टक्क्यांना सुमारे ३२ किलो लागते आणि ६० टक्क्यांना ३५. त्याखालचे बियाणे पेरणीसाठी वापरूच नये, कारण उगवलेली रोपेही कमजोर निघतात. सोयाबीन स्वपरागीभवनाचे पीक असल्याने सुधारित वाणाचे घरचे बियाणे पुन्हा पेरता येते आणि दरवर्षी नवी पिशवी विकत घेण्याचा खर्च वाचतो. दुबार पेरणीचा खर्च आणि वाया गेलेला वाफसा यांच्यापुढे चार शंभर दाणे आणि एक आठवडा काहीच नाही. यंदा पेरणीआधी आपल्या बियाण्याची उगवण नक्की मोजा.